दादाने आणलेल्या भिंती

माझ्या सख्ख्या भावानं माझं घर घालवलं. घालवलं ते घालवलं, वरून खापरही माझ्याच डोक्यावर फोडलं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट लांबवत नेऊन शेवटी पदरानं डोळे पुसायची मला सवय नाही. त्याचा राग आजही येतो, आणि तो लपवायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या वर्षी माझं लग्न झालं. सासर पांढरकवड्याकडचं, जंगलाच्या अंगाला, फाट्यावर बस सोडली की पायी जावं लागे असं गाव. घरात यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे, जाऊबाई, त्यांची पोरं आणि आम्ही दोघं. जाऊबाई वाईट नव्हत्या, पण चूल त्यांची होती. मिठाचा खडा उचलायचा तरी आधी त्यांच्या तोंडाकडे पाहावं लागे. मी काही वर्षं तशी काढली आणि मग यांच्या मागं लागले. भांडणतंटा न करता वेगळं निघायचं, एवढंच माझं म्हणणं. हे स्वभावानं मऊ, भावाला दुखवायचं त्यांच्या अगदी जिवावर येई. पण अखेर शेताच्या वाटेवरची जागा मिळाली आणि आम्ही आमची चूल मांडली. पहिल्या दिवशी मी वरणात माझ्या मर्जीनं मीठ घातलं, ते जरा जास्तच झालं, आणि ह्यांनी ते मुकाट्यानं खाल्लं. त्या घराची मला किती माया होती ते एवढ्यावरून समजावं.

घर कुडाचं होतं. तूर झोडून झाली की तिच्या काड्या उरतात, त्या तुराट्या. त्या उभ्या रचायच्या, बांबूच्या कमच्यांनी आवळून बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी कुटार, म्हणजे भुसा, मिसळलेली चिकणमाती थापायची. वरून शेणमातीचा हात. झाली भिंत. खांब सागाचे, वर कवेलू म्हणजे कौलं. सगळं शेतातलं नाही तर जंगलातलं, विकत आणलेलं म्हणजे खिळे. भिंत पडली तर माती शेतात जाई आणि तुराट्या चुलीत. घराचा म्हणून काही कचरा असतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

पण उगाच गोडवे गाणार नाही. कुडाच्या भिंतीला दर पावसाळ्यात पोपडे येत. तुराट्यांच्या पोकळीत विंचू राहत. चुलीची ठिणगी उडाली तर सगळं पेटायला वेळ नको. आणि सर्वांत वाईट म्हणजे खांब. जमिनीत गाडलेला खांब काही वर्षांत पायथ्याशी सडे, मग पुन्हा कुऱ्हाड घेऊन जंगलात. सगळं गाव तेच करी. मी लग्न होऊन आले तेव्हा नाल्यापलीकडे लगेच साग सुरू होत असे. माझ्याच डोळ्यांदेखत तो टेकडीपर्यंत मागं सरकला. ह्याचा विचार गावात कोणी करत नव्हतं, मी तर नाहीच नाही.

विचार करणारा होता माझा दादा. माझ्याहून मोठा, नागपूरला शिकून ओव्हरसियर झालेला, यवतमाळच्या एका बांधकामाच्या कचेरीत होता. बाप लवकर गेला, तेव्हा मला शाळेतून काढायचं आईनं ठरवलं होतं. दादा आईपुढं उभा राहिला, म्हणून मी सातवीपर्यंत शिकले. आज हे लिहिते आहे तेही त्याच्याच कृपेनं म्हणा. त्यानं सांगितलं असतं की उद्यापासून सूर्य मावळतीला उगवणार, तर मी पहाटे उठून त्या बाजूचं अंगण झाडलं असतं. इतका माझा विश्वास. आता स्वतःचंच हसू येतं, आणि हसू ओसरलं की जळजळ होते.

महाराष्ट्र झाला, त्यानंतरच्या एका हिवाळ्यात दादा आला तो पिशवीत भिंतीचा तुकडा घेऊन. बाहेरून सिमेंटचा पातळ पत्रा, आतून जाड पुठ्ठ्यासारखी फळी, आणि मधे दाबून दाबून बसवलेलं तणीस, म्हणजे वाळलं काड. लोहाऱ्याकडच्या माळावर एका शेडमध्ये त्याच्या कचेरीनं असे मोठमोठे ताव तयार केले होते. दादा त्याला पॅनेल म्हणे, गाव फळ्या म्हणे. ओसरीवर बसून त्यानं ह्यांना अर्धी दुपार समजावलं. भिंतच भार उचलते म्हणून खांब लागत नाहीत, खांब नाहीत म्हणजे साग तुटत नाही. जे तणीस लोक जाळून टाकतात ते कामी येतं. ऊन आत शिरत नाही, थंडी आत शिरत नाही, शेकोटीचं सरपण वाचतं. दोन-चार दिवसांत घर उभं. तालुक्यात नमुन्याचं एक घर बांधायचं होतं आणि ते त्याला बहिणीचं बांधायचं होतं.

ह्यांनी एकच विचारलं, आताचं घर चांगलं आहे, ते कशाला पाडायचं. दादा माझ्याकडे वळला. मी लगेच म्हटलं, दादा सांगतो तर बांधू. झालं. माझ्या शब्दावर घर उतरवलं गेलं. सागाचे खांब आता लागणार नव्हते, म्हणून ह्यांनी ते भासऱ्यांना गोठ्यासाठी देऊन टाकले. भावापासून वेगळं निघाल्याची रुखरुख होती, ती त्या खांबांनी थोडी फिटली असावी.

नवं घर उभं राहिलं तेव्हा शेजारच्या तांड्यावरच्या बाया आणि पोडावरचे, म्हणजे जंगलातल्या वस्तीवरचे, कोलाम आदिवासीसुद्धा पाहायला आले. भिंत वाजवून पाहत आणि हसत. एकजण म्हणाली, पोकळ नाही गं, ही तर जेवलेली भिंत आहे.

आणि खरं ते खरं, त्या उन्हाळ्यात मी दादाला दुवा दिला. आमच्याकडचा वैशाख म्हणजे तोंडावर फुफाटा. त्या घरात मात्र दुपारी दार लावून घेतलं की विहिरीत उतरल्यासारखं वाटे. माझी लेक तेव्हा नुकती चालायला लागली होती, आधीच्या उन्हाळ्यात घामोळ्यांनी तिचं अंग लाल झालं होतं. त्या वर्षी ती दुपारभर गाढ झोपे. जाऊबाईसुद्धा निवडायचं सूप घेऊन माझ्याकडे येऊन बसत. जिच्या तोंडाकडे मी पाहत होते ती माझ्या सावलीला येऊन बसते, ह्याचं मला काय वाटे ते बायकांना सांगायला नको.

खोट होती ती चुलीची. कुडाच्या घरात धूर कुठून ना कुठून वाट काढतो. इथं वर कुठं फटच नव्हती. एवढीशी खिडकी, आणि धूर आत कोंडला की बाहेर जायचं नाव नको. त्यात त्या फळ्यांना कसलासा डिंक लावलेला, त्याचा उग्र वास डोळ्यांना झोंबे. मी चूल बाहेर ओट्यावर काढली. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, कचेरीतल्या साहेबांना सांगू नकोस, पुढच्या नमुन्यात धुराडं करू. आजकाल लोक सांगतात की त्या सिमेंटच्या पत्र्यांची धूळही छातीला वाईट असते. तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नाही, दादाला तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे. तेवढा संशयाचा फायदा मी त्याला देते.

पहिला पावसाळा बराच निभला. फळ्यांच्या सांध्यांत डांबर भरलेलं होतं, ते मावळतीच्या बाजूला उन्हानं फाटलं होतं, तिथून थोडं पाणी आत आलं, पण फार नाही.

मग दिवाळी आली. आमच्यात दिवाळीआधी घर लिंपायचं म्हणजे लिंपायचंच. न लिंपलेल्या घरात दिवा लावायचा म्हणजे पारोशा अंगानं देवाला हात लावण्यासारखं. वर्षाचं घर स्वच्छ होतं, भिंत मऊ राहते, किडामुंगी कमी होते, आणि मुख्य म्हणजे बाईचा हात फिरला की घर तिचं होतं. त्या फळ्यांवरून माझा हात अजून फिरलाच नव्हता. पण मनात शंका होती. दादा दिवाळीच्या आधी येऊन गेला. पाहणीला मोठे साहेब येणार होते, त्याची तयारी करायला तो आला होता. मी त्याला ओट्यावर चहा दिला आणि सरळ विचारलं, "दादा, ह्या भिंती लिंपल्या तं चालन का?"

तो हसला. म्हणाला, "लिंप न बाई. सायबाले वाटलं पाह्यजे का गावानं घर आपलं मानलं. पांढऱ्या मातीनं मस्त लिंप."

त्या वेळी तिथं आम्ही दोघंच होतो. हे शेतात होते.

मी आणि तांड्यावरची एक बाई, दोघींनी मिळून लिंपलं. आतून बाहेरून शेणमातीचा हात दिला, वर पांढरी माती. घर विटांच्या ओळीवर टेकलेलं होतं, खाली बोटभर फट राहत असे, विंचू तिथूनच येतील म्हणून मी ती फटही मातीनं भरून जमिनीपर्यंत उतरती करून टाकली. माझ्या आईच्या घरी तसंच करत, गावात सगळेच तसं करत. दादा साहेबांना घेऊन आला तेव्हा घर नव्या नवरीसारखं दिसत होतं. साहेबांनी भिंतीवरून हात फिरवला आणि खूश झाले. दादानं मला हळूच डोळ्यांनी शाबासकी दिली. ती पायाशी भरलेली माती त्यानं पाहिली होती, तिच्यावर पाय ठेवूनच तो उभा होता.

पुढच्या वर्षाचं मी थोडक्यात सांगते, कारण ते सांगताना माझा आवाज चढतो. हिवाळ्यात आतून कुबट वास यायला लागला. उन्हाळ्यात गारवा होता, पण फळ्या जागोजागी फुगल्या. पावसाळा लागला आणि एका सकाळी मी भिंतीला टेकले तर हात आत गेला. आतलं तणीस ओल्या भाकरीसारखं झालं होतं आणि त्यात वाळवी, आमच्याकडे उधई म्हणतात ती, बुजबुजली होती. माझ्या मातीच्या उतरणीवरून ती चढली होती हे खरं. मावळतीचे सांधे फाटून पाणी शिरलं होतं हेही खरं. घर शेणानं गेलं की पावसानं, हे मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. कुडाची भिंत सडली असती तर तेवढा भाग काढून ह्यांनी एका दिवसात नव्या तुराट्या भरल्या असत्या. ही भिंत ठिगळ घेत नव्हती. एक फळी वाकली की शेजारची वाके, कारण सगळा भार त्यांच्यावरच.

चौकशीला साहेब आले, बरोबर दादा. भर पावसाळा, अंगणात चिखल, गाव गोळा झालेलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. मनात एवढंच होतं की दादा आहे, तो काहीतरी करेल. साहेबांनी कुजलेलं तणीस काठीनं उकरलं, खालची माती पाहिली, शेणाचा पोपडा काढून वास घेतला आणि दादाला विचारलं की हे कोणी लावायला सांगितलं.

दादा म्हणाला, "कोणी नाही साहेब. मी बजावून सांगितलं होतं, पाणी लावू नका, शेण लावू नका. पण बायकांना समजत नाही."

तो भिंतीकडे पाहून बोलला. माझ्याकडे पाहिलं ह्यांनी. हे पाठमोरे होते, ते वळले आणि माझ्याकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं.

मी बोलले नाही. तांब्या धरून उभी राहिले. का नाही बोललीस, असं मला नंतर माझ्या लेकीनंही विचारलं. अगं, परक्या साहेबांसमोर, अख्ख्या गावासमोर, सख्ख्या भावाला खोटं पाडायचं? त्याची नोकरी जायची. ज्यानं मला शाळेत ठेवलं त्याची. मला वाटलं, साहेब जीपमध्ये बसले की हा मागं वळेल, ह्यांना बाजूला घेऊन सांगेल की मीच म्हटलं होतं. तो वळलाच नाही. हात धुतले, माझ्याच तांब्यातलं पाणी घेऊन, आणि जीपमध्ये चढला.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "त्यानं नाही म्हटलं होतं, मंग कायले लावलं शेण?"

मी सांगितलं, दादानंच सांगितलं होतं. ह्यांनी कंदिलाची वात खाली केली. मग म्हणाले, "तं तवा काहून नाही बोलली?" आणि थोड्या वेळानं, "येवढा शिकेल माणूस खोटं बोलन का?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. बायकोकडून चूक झाली आणि ती आता भावावर ढकलून राहिली, असं त्यांनी मनात ठरवलं आणि त्यावर पांघरूण घातलं. समजून घेतलं मला. त्या समजून घेण्यानं मी जळून गेले.

आम्ही भासऱ्यांच्या घरी परत गेलो. घर पुन्हा बांधायला खांब हवे होते, आणि आमचे खांब त्यांच्या गोठ्याला लागले होते. दिलेली वस्तू परत मागायला ह्यांची जीभ रेटेना. जंगलात आता पूर्वीसारखं कुऱ्हाड घेऊन शिरता येत नव्हतं, परवाने, गार्ड, हेलपाटे. मला त्याबद्दल तक्रार नाही, साग वाचायलाच हवा होता, दादा तेवढं बरोबर बोलला होता. पण वाचवायला सुरुवात माझ्या घरापासून झाली आणि संपलीही तिथंच. बाकीचं गाव कुडाच्या घरात होतं, आमच्या कपाळी मात्र पुन्हा जाऊबाईंची चूल आली. त्या टोमणा मारत नसत. फक्त मी शेणाची पाटी उचलली की म्हणत, जपून वो.

फळ्यांचं काय झालं तेही सांगते. सरकारचं कोणी न्यायला आलं नाही. ह्यांनी त्या शेताच्या बांधावर नेऊन टाकल्या. तणीस उधईनं खाल्लं, पण पत्र्यांचे तुकडे आणि तो डिंकाचा पापुद्रा तसाच राहिला. जाळावं तर घशात जाणारा घाण धूर. वखराला पत्रा लागे म्हणून तेवढी पट्टी पेरायची सोडून दिली.

दिवाळीला दादा आला. भाऊबीज होती. मधल्या काळात त्याची बढती झाल्याचं कानावर होतं. चांगलं लुगडं घेऊन आला, लेकीला बाहुली. मी पाट मांडला, ताट सजवलं. हे ओसरीवर, भासरे आणि जाऊबाई तिथंच. मी ठरवलं होतं की आज बोलायचं. इथं साहेब नाहीत, गाव नाही, नोकरीला धक्का नाही. घरच्या चार माणसांत त्यानं एक वाक्य बोलायचं होतं, आणि माझा नवरा मला परत मिळणार होता. घर राहू दे. घर गेलं ते गेलं.

मी ताट हातात घेऊन, ह्यांच्याकडे मानेनं दाखवत म्हटलं, "दादा, मले लुगडं नको. यायले येवढंच सांग का लिंपायले तूच सांगतलं होतं."

दादानं माझ्याकडे पाहिलं. त्याला आठवत होतं, मी त्याच्या डोळ्यांत स्पष्ट पाहिलं. मग तो ह्यांच्याकडे वळून प्रेमानं हसला आणि म्हणाला, "जवाईबुवा, माहीच चूक म्हना. मीच सांगतलं म्हना. बहीण हाय माही, तिच्यावर कायले राग धरता?"

ह्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "तुमचं मन मोठं हाय."

जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. भासऱ्यांनी मान डोलावली. जे मी मागितलं होतं ते त्यानं शब्दाला शब्द दिलं होतं, आणि असं दिलं होतं की ते आता कोणी कधी खरं मानणार नव्हतं. मी पुन्हा तोंड उघडलं असतं तर माझ्याइतकी कृतघ्न बहीण जिल्ह्यात दुसरी सापडली नसती. मी त्याला ओवाळलं.

पुढं आम्ही वेगळे निघालो, विटांचं घर झालं, लेकीचं लग्न झालं. हे मला कधी वाकडं बोलले नाहीत. पण पाहुण्यांत बसले की माझ्या भावाच्या मोठ्या मनाची ही गोष्ट ते हमखास सांगायचे, आणि मी आतून चहा घेऊन यायचे. ते गेले तोवर त्यांना असंच वाटत होतं की घर मी घालवलं, आणि माझ्या भावानं ते पोटात घातलं.